जगतारसिंगाचा सत्कार

मी आकाराम, कोरेगावाजवळच्या एका खेड्यातला. माझं डोकं लवकर तापतं, ते आख्ख्या गावाला ठावं हाय. पर त्या दिवशी माझ्या तोंडातनं जे गेलं, ते आठवलं की अजून माझं मलाच कसंतरी हुतं.

दर फाल्गुनात गहू काढायला पंजाबातनं जगतारसिंग हार्वेस्टर घेऊन येतो. बारा वर्सं झाली. आता बोलतोबी आमच्यासारखंच, ठेच्यासंगं भाकरी हाणतो, निस्ती तंबाखूची डबी पुढं केली की हात जोडतो. यंदा माझ्या रानात मशीन चालू हुतं. माझी नात शिवांजली, सा वर्सांची, ते बघत बघत मागं सरकत गेली आन् थेट हिरीत पडली.

मी काठावर पोचलो तर पोरगी मोटारीच्या पायपाला मिठी मारून, गळ्याएवढ्या पाण्यात. पाणी दोन पुरुस खाली. माझे गुडघे कामातनं गेलेले, दोर घरात. मी आपला नुसता बोंबलतोय. शेजारच्या रानातनं नाथाजी धावला, मागनं निम्मा गाव. तेवढ्यात जगतारसिंग मशीन सोडून पळत आला, आन् पळता पळताच डोक्याची पगडी सोडत आला. बारा-तेरा हात कापड. एक टोक माझ्या आन् नाथाजीच्या हातात दिलं, दुसरं धरून कपारीत पाय रोवत खाली उतरला. पोरीच्या काखेतनं कापड घेतलं, गाठ मारली, आन् आमी तिला वर ओढली. मग पुन्यांदा कापड सोडलं, तवा तो वर आला.

केस कमरेपतुर मोकळे, अंगातनं पाणी निथळतंय. मी पाया पडायला वाकलो, तर गडी थांबलाच न्हाई. ओली पगडी पिळली, मशीनच्या आडोशाला गेला आन् आमच्याकडं पाठ करून बसला. लाकडी कंगव्यानं केस विंचरले, जुडा बांधला, पगडी घडी घडी चापून डोक्याला गुंडाळली. ते सगळं झाल्यावरच पुढं आला. पयलं इचारलं काय, तर पोरीनं पाणी पिलं का. बारा वर्सं ह्या माणसाला मी निस्ता मशीनवाला म्हणत हुतो. माझी मलाच लाज वाटली.

आता आमच्याकडं कुणाचा मान करायचा म्हंजी फेटा. जावई आला, फेटा. पोरगं फौजेत भरती झालं, फेटा. मी कोरेगावातनं जरीचा, एक नंबर भगवा फेटा आणला आन् दुसऱ्या दिवशी सांजंला मारुतीच्या देवळात गाव गोळा केला. नाथाजी लगनसराईत फेटे बांधतो, त्यालाच पुढं केला. जगतारसिंगाला खुर्चीवर बसवला, नारळ दिला. नाथाजी त्याच्या मागं फेटा घेऊन उभा ऱ्हायला आन् हळूच माझ्या कानाला लागला, की डोक्यावर तर एक हाय, मग ह्यो बांधू कुठं? मी म्हणालो, त्यात काय एवढं, काढायला सांगू. आन् सांगितलं की!

जगतारसिंगाचे दोन्ही हात पगडीवर गेले. त्यानं मान हलवली. फेटा हातात द्या, कपाळाला लावतो, असं लय अदबीनं म्हणाला. लोकांत कुजबुज सुरू झाली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढा मनापासनं आणलेला मान ह्यानं चारचौघांत माघारी दिला, एवढंच माझ्या टकुऱ्यात शिरलं.

‘काल तर समद्या गावापुढं काढलीस की,’ मी म्हणालो. ‘मग आज काय झालं?’

नाथाजीनं मान खाली घातली. जगतारसिंग चिडला न्हाई. माझ्याकडं बघून बोलला.

‘आण्णा, काल पोरगी हुती. आज नुस्ता मी हाय.’

त्या पगडीचं त्याला काय हाय, हे बारा वर्सांत आमी कुणी इचारलं नव्हतं. सोताच्या मानासाठी जी तो बोटभर हलवंना, ती माझ्या नातीसाठी त्यानं पळता पळता सोडली हुती. बापरं, केवढा माणूस! आन् मी तेच त्याच्या तोंडावर फेकलं.

मी नाथाजीच्या हातनं फेटा घेतला, घडी केली, जगतारसिंगाच्या ओंजळीत ठेवला आन् चुकलो म्हणालो. त्यानं तो कपाळाला लावला. मग शिवांजलीला हाक मारली, तिच्यापुढं गुडघ्यावर बसला आन् आपल्या हातानं तिला फेटा बांधाय लागला.

‘मी खाली पोचंपतुर हिनं पायप सोडला न्हाई,’ तो म्हणाला. ‘मान हिचा हाय.’

फेटा तिच्या डोळ्यांवर घसरला, पोरगी खुदकन् हसली. मी मातूर आख्ख्या गावासमोर ढसाढसा रडलो, आन् मला त्याचं कायबी वाटलं न्हाई.