लाल दाणे

पडद्यावरच्या थोरल्या बहिणीने धाकटीच्या हातातला पंखा हिसकावला आणि माडीच्या खिडकीतून खाली नदीत भिरकावून दिला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या कात्सुएने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. शेजारच्या शिगेनोने तिला कोपराने ढोसलं.

"तूच गं ही," शिगेनो कुजबुजली. "नाकसुद्धा तुझंच घेतलंय मेल्यांनी."

"माझं नाक इतकं लांब नाही."

मियागावा-चो या गेशांच्या गल्लीतल्या सगळ्या चहाघरांच्या मालकिणींना या खेळाची फुकट तिकिटं आली होती. गल्ली सोडून गेलेल्या एका गेशाच्या आयुष्यावर टोकियोच्या कुणा लेखकाने कादंबरी लिहिली होती, आणि आता तिच्यावर हा सिनेमा निघाला होता. नावं बदलली होती, पण गल्लीला नावांची गरज नव्हती. सोसणारी धाकटी म्हणजे कात्सुफुमि, जिला सगळे फुमि म्हणायचे, आणि तिला छळणारी थोरली म्हणजे कात्सुए, हे तिकीट फाडणारा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दोघी रक्ताच्या बहिणी नव्हत्या. एका पेल्यातून साकेचे, तांदळाच्या दारूचे, घोट घेऊन त्या बहिणी झाल्या होत्या, आणि गल्लीत ते नातं रक्ताहून जवळचं मानतात. फुमिने थोरलीच्या नावाचा अर्धा तुकडा घेतला होता. बसायचं कसं, ओतायचं कसं, गिऱ्हाईक थापा मारत असताना चेहरा कसा ठेवायचा, सगळं कात्सुएने शिकवलं होतं.

सिनेमात बरंच काही चुकलं होतं. गेशा डाव्याऐवजी उजव्या हाताने किमोनोचा घोळ धरून चालत होत्या, नवऱ्या मुलींसारख्या. कात्सुएला त्याचं बरंच वाटत होतं. जितकं खोटं निघेल तितकं आपल्यावरचं कमी होईल, असा तिचा हिशेब होता.

मग भाताचा प्रसंग आला.

धाकटी लग्न करून गल्ली सोडणार असते. रिवाजाप्रमाणे ती भाताचे डबे घेऊन निघते. पहिला डबा थोरल्या बहिणीच्या दारी. थोरली तो घेते आणि सिनेमाभरच्या सवयीप्रमाणे तोही अंगणात भिरकावते. झाकण उडतं, पांढरा भात फरशीवर पसरतो, आणि त्या पांढऱ्या भातात अझुकीचे, चवळीसारख्या कडधान्याचे, लाल दाणे दिसतात. चार-पाचच, पण स्पष्ट.

बाकीचं थिएटर मक्याच्या लाह्या चघळत राहिलं. पुढच्या तीन रांगांनी मात्र एकदम श्वास घेतला. नुसता पांढरा भात वाटणारी कायमची जाते. लाल दाणे घालणारी सांगून जाते की दार उघडं ठेवा, मी कदाचित परत येईन. तोंडाने हे कुणी बोलत नाही, भात बोलतो.

कात्सुए मनात ते दाणे मोजत राहिली.

बाहेर आल्यावर तिने शिगेनोची बाही धरली.

"ते भाताचं पुस्तकात आहे?"

"छे. दोनदा वाचलंय मी. पुस्तकात ती एका ओळीत निघून जाते."

"मग सिनेमात कुठून आलं?"

"त्यांना रंग लागतो गं. पांढऱ्यावर लाल, छान दिसतं." शिगेनोने तिच्याकडे निरखून पाहिलं. "का? तुला दिलेल्या डब्यात काय होतं? मी तर नंतर आले गल्लीत."

"बघायला हवं तुझ्या गुडघ्याचं," कात्सुए म्हणाली. "जिना हळू उतर."

कारण डब्यात काय होतं ते तिला ठाऊकच नव्हतं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट: वसंतातला नाच महिन्यावर आलेला, पुढे फुमिने कात्सुएचंच चहाघर सांभाळायचं ठरलेलं, आणि ही पोरगी म्हणते मी ओत्सुच्या एका मास्तरशी लग्न करते. कात्सुएने काहीही भिरकावलं नव्हतं. ती फक्त बाहेर आली नाही. आंघोळीला गेलेय म्हणून आतून सांगायला लावलं, आणि कोरड्या केसांनी पडद्यामागे बसून राहिली. फुमि दारात बराच वेळ उभी होती. मग उंबऱ्याच्या आत डबा ठेवून ती गेली. थोरलीनेच घेतला नाही म्हटल्यावर पुढच्या कुठल्याच दारी ती गेली नाही. संध्याकाळपर्यंत तो काळा लाखेचा डबा तिथेच होता. शेवटी कात्सुएने किमोनो नेसवायला येणाऱ्या यासाबुरोला सांगितलं, ने हे डोळ्यांसमोरून. त्याने भात खाल्ला, डबा धुतला आणि आणून फळीवर ठेवला. तीस वर्षं तो तिथे आहे. आतला भात पांढराच असणार, हे तिने धरून चाललं होतं. तसं धरलं की राग नीट टिकायचा.

आता तो टिकेना. लाल दाणे असतील, तर दार फुमिने लावलं नव्हतं; कात्सुएने लावलं होतं.

त्या संध्याकाळी तिला आणखीच चमत्कारिक वाटू लागलं. पंखा आठवायला जावं तर सिनेमातला हात दिसायचा आणि त्या हाताला स्वतःचा खांदा जोडलेला. खरंच फेकला होता का आपण? एक पंखा नदीत गेला होता, हे नक्की. आपले मोजे ओले झाले होते आणि पाय गारठले होते, हेही तिला आठवत होतं. पण पंखा फेकणारीचे पाय कशाला भिजतील, हे काही तिला सुटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती यासाबुरोकडे गेली. ऐंशी ओलांडलेला हा माणूस गल्लीतल्या मुलींना किमोनो नेसवायचा. किमोनोवरचा जड, लांब कमरपट्टा आवळायला पुरुषाचंच बळ लागतं. आता बळ पुतण्याकडे गेलं होतं आणि याच्याकडे नुसत्या सूचना उरल्या होत्या.

"दादा, फुमिच्या डब्यातला भात तुम्ही खाल्लात."

"खाल्ला. आता मागतेस की काय परत?"

"कसा होता?"

"गार होता."

"रंगाने कसा होता?"

यासाबुरोने चहाची वाटी खाली ठेवली. "लाल दाणे होते. या डोळ्यांनी बघितलेत."

कात्सुए पुढे सरकली. "नक्की?"

"नक्की म्हणजे? फरशीवर पांढरा भात, आणि त्यात हे लालभडक..."

"फरशीवर नव्हता हो सांडला. तुम्ही डब्यातून खाल्लात. फरशीवर सांडला तो सिनेमात."

तो थबकला. "मग सिनेमात बघितलं असेल. दोनदा बघितलाय मी."

"आणि डब्यातलं?"

"डब्यातही तसंच होतं. त्याशिवाय सिनेमावाल्यांना कसं कळेल? त्यांना मीच सांगितलं ना."

"काय सांगितलंत?"

"ते आले होते रिवाज विचारायला. मी म्हटलं, अशी अशी एक मुलगी होती, तिने थोरलीच्या दारी डबा ठेवला, मी तो खाल्ला. त्यांनी विचारलं, लाल की पांढरा. मी म्हटलं..." तो कपाळ चोळू लागला. "ते म्हणाले, लाल असेल तर जास्त बरं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, लालच होता."

"होता म्हणून म्हणालात, की त्यांना बरं म्हणून म्हणालात?"

यासाबुरोने चहाची वाटी पुन्हा उचलली. मग कुरकुरत म्हणाला, "अगं कात्सुए, भूक लागली होती. भुकेला माणूस भात निवडत बसतो का?"

ती घरी आली आणि फळीवरचा डबा काढून पुसत बसली. फुमिला विचारणं सोपं होतं. ओत्सु काही लांब नाही, डोंगरातला बोगदा ओलांडला की आलंच. गाडीने दहा मिनिटं. एवढंसं अंतर तीस वर्षांत कापलं गेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो मास्तर वारल्याचं कळलं, तेव्हाही कात्सुए गाडीपर्यंत जाऊन परत आली होती. आणि विचारायचं तरी काय? लाल होता म्हणाली तर आपण मातीत गेलो. पांढरा होता म्हणाली तर विचारायला गेलो तेच चुकलं.

पण डबा तर तिचा होता. भांडं परत करावंच लागतं, आणि रिकामं परत करायचं नाही, हे तिनेच फुमिला शिकवलं होतं. एवढाच धागा तिला सापडला आणि तिने तो धरला.

तिने अझुकी उकडली. त्या लाल पाण्यात चिकट तांदूळ रात्रभर भिजत घातले आणि सकाळी वाफवले. चार-पाच दाण्यांवर भागवलं नाही. भात पुरता लाल झाला. वर मीठ-तीळ भुरभुरवले, झाकण लावलं, डबा कापडात बांधला आणि यासाबुरोच्या हाती दिला.

"द्यायचा आणि यायचं. काही विचारायचं नाही."

"मी काय विचारणार?"

"तेच. ते विचारायचं नाही."

दुपारी तो परत आला. फुमिने डबा घेतला, गाठ सोडून आत पाहिलं आणि तिथेच दारात बसली, एवढंच त्याने सांगितलं. रडत होती का? तसं वाटलं नाही. हसत होती का? तसंही नाही. "गोंधळल्यासारखी दिसली," तो म्हणाला. कात्सुएला ते ऐकून उगाचच धीर आला. निदान त्यात तरी आपण एकटे नाही.

त्यानंतर काही दिवस गेले. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, ती दारापुढे पाणी शिंपडत होती. समोर कुणीतरी थांबलं. आखूड पांढरे केस, विजार, हातात कापडात बांधलेला डबा.

"ताई," फुमि म्हणाली. "आज आंघोळीला नाही गेलीस?"

कात्सुएने पळी बादलीत ठेवली. काय बोलायचं ते इतक्या वेळा ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"ये," ती म्हणाली. "पाय घसरेल, ओलं आहे."

आत बसल्यावर फुमिने डबा पुढे सरकवला. "रिकामा आणला नाहीये. तळ्यातली कोळंबी आहे, सोयाबीन घालून. मीठ जास्त पडलंय."

"तुझं नेहमीच पडतं." मग, चहा ओतता ओतता, वर न बघता कात्सुएने विचारलं, "सिनेमा पाहिलास?"

"पाहिला. फारच दुष्ट आहेस गं त्यात."

"तो पंखा मी..."

"पंखा मी फेकला होता, ताई. नाच जमेना म्हणून. तू मोज्यांसकट पाण्यात उतरून शोधलास. लेखकाला मी तसंच सांगितलं होतं, त्याने उलटं लिहिलं."

कात्सुएने किटली खाली ठेवली. पायांचा तो गारठा तिला आत्ता झाल्यासारखा जाणवला. इतक्या वर्षांनी स्वतःचीच बाजू घ्यावीशी वाटली, आणि ते जमलं नाही.

"आणि भात?" तिने विचारलं.

फुमि वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तू लाल पाठवलास, तेव्हापासून मला काही कळेनासं झालंय. सिनेमातले ते दाणे कुठून आले, मला माहीत नाही. माझा भात पांढरा होता, ताई. एक दाणासुद्धा नव्हता घातला. मी रागातच होते. वाटायचा राहिलेला सगळा आम्ही ओत्सुला नेला आणि दोन दिवस तोच खाल्ला, म्हणून पक्कं आठवतंय." ती थांबली. "मग राग गेला. पण तू तर तो पांढरा भात बघितला होतास. हे गेले तेव्हा फार यावंसं वाटलं. कुठल्या तोंडाने येणार होते?"

"मी बघितलाच नाही."

"काय?"

"झाकणच उघडलं नाही. मीही रागात होते. तसाच यासाबुरोला देऊन टाकला."

फुमिचा हात तोंडापाशी गेला. हसू आलं की बाही तोंडावर धरायची, ही जुनी सवय; पण आता बाही आखूड होती आणि मागचं सगळं दिसत होतं. ती हसतही होती आणि तिचे डोळेही भरले होते. कात्सुएने आपला रुमाल तिच्या पुढ्यात ठेवला आणि दुसरीकडे बघत बसली.

तेवढ्यात पडदा बाजूला करून यासाबुरोने डोकं आत घातलं. गल्लीत कुणीतरी त्याला बातमी दिली असणार.

"आली होय फुमि! सांग गं तूच हिला. मी घसा फोडून सांगतोय, डब्यात लाल दाणे होते. ही मला म्हातारचळ लागल्यासारखं बघते."

कात्सुएने फुमिकडे पाहिलं. फुमि ताठ बसली, हात मांडीवर, चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. थापा मारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे असंच बसायला तिला शिकवलं होतं.

"होते ना, दादा," ती म्हणाली. "चांगले मूठभर घातले होते."

"मग!" यासाबुरो चपला काढून वर आला.

कात्सुएने डबा ओढून घेतला, कापडाची गाठ सोडली आणि या वेळी झाकण स्वतः उघडलं. काड्यांनी एक कोळंबी उचलून तोंडात घातली. मीठ खरंच जास्त झालं होतं.