व्याह्यांचा कच्चा रस

आमच्या पद्मा नदीकाठी माझ्यासारखा शिंदीचा रस काढणारा झाला नाही. मी नुसता कोयता दाखवला, की शिंदी लाजून आपणहून पाझरते. वटवाघळंसुद्धा माझ्या झाडांना लांबूनच सलाम करून जातात. हे मी इतकी वर्षं सांगतोय, की आता वटवाघळांनाही ते खरं वाटत असेल.

त्या पहाटे शेजारच्या जोबेदाच्या अंगणात मी रसाची मडकी उतरवली. तिच्या लेकीच्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा. जावई तोफेल आणि त्याचे वडील शराफत मातुब्बर पाहुणे आलेले. अशा पाहुण्यांना झाडावरून उतरवलेला कच्चा, गारेगार रस द्यायचा, ही आमची रीत. जोबेदानं मडकं उचललं आणि सरळ चुलीवरच्या काहिलीत ओतलं.

"विहीणबाई, उकळून देता? आम्ही काय आजारी आहोत?" मातुब्बर म्हणाले.

"नाही ना. म्हणूनच उकळते."

तिचा भाऊ खालेक असाच कच्चा रस प्यायला, तापानं फणफणला, बहिणीलाही ओळखेना आणि गेला. त्याचं तोंड पुसणारी आई मागोमाग गेली. रात्री वटवाघूळ धारेला जीभ लावतं, मडक्यात मुततं. त्याला काही होत नाही. त्याच्या अंगातला विषाणू माणसाला मात्र नेतो. गावाला हे पाठ होतं. पण पाहुणे आले की गाव विसराळू होतं.

"कच्चा मिळणार नसेल तर सून राहू दे इथंच. आम्ही निघालो."

आत लेकीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. जोबेदानं चुलीत लाकूड सारलं.

"निघा. रुसलेला व्याही परवडला. रुसायला माणूस जिवंत तरी लागतो."

मी मिटवायला गेलो. "अगं, माझ्या झाडांना वटवाघूळ शिवत नाही."

तिनं शेवटचं मडकं माझ्यापुढे धरलं. "मग चाचा, आधी तुम्ही प्या."

सगळे बघत राहिले. मी मडकं तोंडाशी नेलं. फेसावर एक आखूड, तांबूस केस तरंगत होता. माझे तर केव्हाच पांढरे झालेत. मी मडकं काहिलीत रिकामं केलं.

"काय झालं, चाचा?" मातुब्बरांनी विचारलं.

"हे वटवाघूळ सलाम करून गेलं नाही. मुक्कामाला होतं."

तोफेल उठला आणि चुलीपाशी जाऊन बसला. "अब्बा, बसा. मला आटवलेल्या रसाची काकवीच आवडते."

मातुब्बर बसले, पण पाठ करून. गरम पिठे, म्हणजे तांदळाची धिरडी, आणि काकवी आली, तेव्हा त्यांनी न वळताच हात मागे पसरला.

जोबेदा ताटली धरून तशीच उभी राहिली.

"तोंड इकडे करा, मग देते."