उलटा टांगलेला तालुका

मित्रांनो, तालुक्याचा नकाशा तुम्ही शाळेत पाहिला असेल. मीही तसाच एक नकाशा आहे, आता जुना झालेला. फरक एवढाच की माझा तालुका रशियात आहे आणि मी धुळे जिल्ह्यात, तापीकाठच्या एका बंद घराच्या भिंतीवर आहे. शिवाय मी उलटा टांगलेला आहे. माझी उत्तर जमिनीकडे आणि दक्षिण छपराकडे आहे. हे निष्काळजीपणाने झालेले नाही. पूर्ण विचार करून मला उलटे केले गेले.

माझ्या तालुक्याचे नाव बेलोमोख. तिकडे तालुक्याला रायोन म्हणतात. विस्ताराने तो तुमच्या दोन-तीन तालुक्यांएवढा असेल, पण माणसे थोडी. निम्मा भाग जंगल आणि उरलेल्यात बरीचशी दलदल. मधून मोरोश्का नावाची नदी वळणे घेत जाते. तालुक्याच्या गावी कचेऱ्या, दवाखाना, लोण्याचा कारखाना आणि आगीच्या बंबाचा मनोरा आहे. रेल्वे तिथपर्यंत येते आणि संपते. बाकीची गावे ग्रामसोव्हिएतांत वाटलेली आहेत. ग्रामसोव्हिएत म्हणजे तुमच्याकडची ग्रामपंचायत. फक्त एकेका पंचायतीत लहान-लहान बरीच गावे.

मला तिथल्या शाळांसाठी छापले आणि टिकावे म्हणून कापडावर चिकटवले. एका वर्गात मी काही वर्षे काढली. मुले माझ्यावर आपापले गाव शोधत आणि सापडले की ओरडत. तेवढे कौतुक मला पुरत असे.

तिथे देवचंद आला. तापीकाठच्या बौद्ध कुटुंबातला हा मुलगा धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात शिकला आणि शिष्यवृत्तीवर सोव्हिएत देशात गेला. जमिनीत साचलेले जादा पाणी कसे काढावे, हा त्याचा विषय. कोरड्या खानदेशातला मुलगा पाणी घालवायला शिकतो, याचे तिकडच्या लोकांना हसू येई. शिक्षणाच्या शेवटी तो कामासाठी माझ्या तालुक्यातल्या झारेच्ये गावात राहिला. १९८९ साली तो सुटीवर घरी निघाला, तेव्हा शाळेच्या बाईंनी त्याला मला भेट दिले.

घरी त्याने मला उत्तरेच्या भिंतीवर लावले. दार माझ्या उजव्या हाताला, उगवतीकडे. आई पार्वताबाई आणि वडील यादव समोर बसले.

"माय, हाई रायोन. म्हणजे आपला तालुका."

"म्हणजे शिंदखेडा?" पार्वताबाईंनी विचारले.

"हां, शिंदखेडाच. पण थंड."

मग त्याने माझ्यावरची एक तुटक रेघ दाखवली. ती नदी ओलांडून जाते. हिवाळ्यात पाणी गोठले की ट्रक त्यावरून जातात, असे त्याने सांगितले.

"मंग पूल बांधानी गरजच नही!" यादवांनी मांडीवर थाप मारली.

देवचंदने नदीच्या रेघेवरचे बारीक बाण दाखवले. पाणी कोणीकडे वाहते ते या बाणांवरून कळते. पार्वताबाई उठून जवळ आल्या.

"हाई नदी उगवतीले जास?"

"हां माय."

"छापनारानं चुकाडं."

देवचंद हसला. पण त्यांचे म्हणणे उगाच नव्हते. त्यांनी जन्मभर तापी पाहिली होती आणि तापी मावळतीकडे जाते.

शेवटी त्यांनी विचारले, "तू कोठे ऱ्हास, ते दखाड."

त्याने बोट ठेवले. नदीच्या वळणापलीकडे, दाराच्या बाजूला, खालच्या कोपऱ्याजवळ. खूण मात्र केली नाही. नकाशावर शाई लावू नये, असे शाळेच्या बाईंनी त्याला बजावले होते. सुटी संपली आणि तो परत गेला.

पुढच्या एप्रिलमध्ये भीमजयंतीआधी घराला चुना द्यायचा म्हणून मला खाली काढले. भिंत वाळल्यावर यादव मला घेऊन स्टुलावर चढले. पार्वताबाई खालून म्हणाल्या, "तसा नका लावू. फिरवा त्याले. नदी मावळतीले जावाले पाहिजे."

यादवांनी मला फिरवले. मोरोश्का खरोखरच डावीकडे, मावळतीकडे वाहू लागली. पण यादव घुटमळले.

"अक्षरं उलटी व्हयी जातीन ना."

"तुमले वाचता येतस का?"

"नही."

"मंग?"

खिळा ठोकला गेला. मी उलटा झालो, आणि माझ्यावरचे सगळे जिथल्या तिथे राहूनही जागचे हलले. दाराच्या बाजूला, खालच्या कोपऱ्याजवळ, नदीचे एक वळण आताही होते. वळणापलीकडे एक ठिपकाही होता. पार्वताबाईंनी त्यावर बोट ठेवले आणि त्यांचे समाधान झाले.

तो ठिपका झारेच्येचा नव्हता. त्या गावाचे नाव दाल्न्ये, म्हणजे दूरचे. नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले आहे : वस्ती नाही. तिथली शेवटची माणसे दलदल सोडून तालुक्याच्या गावी गेली, त्याला मी छापला जाण्याआधीच बराच काळ झाला होता.

रोज सकाळी शेतात निघण्यापूर्वी पार्वताबाई माझ्यासमोर उभ्या राहत. दाल्न्येवर बोट ठेवून विचारत, "जेवना का रे भाऊ? बरफ गया का?" अंगावर सगळी अक्षरे असूनही मला एक शब्द बोलता येत नव्हता. त्या घरात माझी लिपी वाचणारे कोणी नव्हते. मित्रांनो, एकटेपणा म्हणजे काय ते मला तिथे कळले.

तोवर देवचंदची पत्रे येत होती, म्हणून चूक कोणाला जड गेली नाही. १९९१च्या दिवाळीनंतर पत्रे थांबली. यादव पोस्टात जाऊन येत, "वनं नही," म्हणजे आले नाही, एवढे सांगत आणि पायरीवर बसत. एकदा शेजारच्या भागाबाई आल्या. त्यांच्याकडे रेडिओ होता.

"अक्का, रेडिओवर सांगतस, तो देशच राहिना नही."

पार्वताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

"देश नही तर नही. गाव ते व्हईच ना?"

 पार्वताबाई उठल्या आणि त्यांनी दाल्न्येवर बोट ठेवले. "हाई दखा. शे ना?"

भागाबाईंनी पाहिले आणि मान हलवली. मी थरथरलो असेन, पण दारातून वारा येत होता. कोणाच्या लक्षात आले नाही.

त्यानंतर त्या सकाळी उभ्या राहत, तशा संध्याकाळीही राहू लागल्या. मुलगा जिवंत आहे की नाही, हे त्यांनी कोणाला विचारले नाही. मलाही नाही. जेवला का, एवढेच विचारत. बोटाखालचा कागद आधी मऊ झाला, मग गेला. दाल्न्येच्या जागी आतल्या कापडाचे धागे दिसू लागले.

१९९३च्या उन्हाळ्यात भर दुपारी देवचंद दारात उभा राहिला. हातात एक पिशवी, गालफडे बसलेली. पार्वताबाईंनी आधी त्याला पाणी दिले, मग भाकरी, आणि तो जेवत असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कुठे होतास, हे यादवांनी विचारले. शिष्यवृत्ती बंद पडली होती, कामाचा पगार बटाट्यांत मिळत होता, टाकलेली पत्रे कुठे गेली ते त्यालाही माहीत नव्हते.

हात धुऊन तो वळला आणि मला पाहून थबकला.

"माय, हाऊ उलटा कोन लावा?"

"मी. नदी सुलटी करी."

तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्याला ते भोक दिसले. तो मान वाकडी करून जवळ आला. गावाचे नाव झिजून गेले होते, पण नावाखालचे दोन बारीक शब्द शिल्लक होते. त्याचे हसू थांबले.

"हाई काय शे?"

"तुन्हं गाव. रोज बोट ठेवं मी."

 त्याला खोटे बोलता आले असते. बोलला नाही.

"माय, आठे कोनी ऱ्हास नही. हाई ओसाड गाव शे."

पार्वताबाईंनी त्या भोकाकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले.

"तरीच," त्या म्हणाल्या, "तरीच तुन्हं पत्र वनं नही."

पुढे देवचंदला जळगावात ठिबक सिंचनाच्या कारखान्यात नोकरी लागली. पाणी घालवायला शिकलेला मुलगा आता थेंब-थेंब वाचवण्याच्या कामाला लागला. त्याने आईवडिलांनाही तिकडे नेले. मला कोणी नेले नाही. यात कोणाचा दोष नाही. ज्याचे माणूस घरी आले, त्याला नकाशा कशाला लागतो? मी मात्र इथेच राहिलो. दार बंद, खिडकी बंद, छपराच्या फटीतून येणारी उन्हाची एक पट्टी रोज माझ्यावरून सरकते. आता या घरालाही माझ्या भाषेत तेच दोन शब्द लागू आहेत : वस्ती नाही.

वर्षातून एकदा, जयंतीआधी, कुलूप निघते. पार्वताबाई चुना घेऊन येतात. मला खाली काढत नाहीत. कागद टिकणार नाही, म्हणून माझ्याभोवतीने कुंचला फिरवतात. कोणी मला सुलटे केले नाही, मीही तशी विनंती करत नाही. काम झाले की त्या हात पदराला पुसतात, माझ्यासमोर उभ्या राहतात आणि त्या भोकावर बोट ठेवतात. तिथे त्यांचा मुलगा कधीच नव्हता, हे त्यांना आता ठाऊक आहे. तरी त्या विचारतात, "वनं का कोनी ऱ्हावाले?"

दाल्न्येत राहायला कोणी आले का, हे पृथ्वीवर दुसरे कोणी विचारत नसेल.

म्हणून मित्रांनो, नकाशे जपा. आणि एखाद्यावर बोट ठेवलेत, तर त्या जागेची चौकशी करा. बोट चुकले तरी चालेल.