तीन नंबरचं मशीन

आधीच सांगते, मशीन माझ्यामुळे बंद पडत नव्हतं. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते आणि पहिल्या दिवसापासून कुणी ऐकत नव्हतं.

मानवतच्या एका बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटरवर बसायचे. गावोगावहून सरकीचे नमुने यायचे. शंभर दाण्यांतले किती उगवले ते प्रयोगशाळावाले कागदावर लिहून द्यायचे आणि आम्ही तिघं ते आकडे मशीनमध्ये भरायचो. एक नंबरवर दत्तराव, दोनवर पंडित, तीनवर मी. तिन्ही मशीन एका काळ्या वायरीनं कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनला जोडलेली, सगळी यादी त्याच्या पोटात.

त्या दोघांची मशीन जुनी. माझं नवंकोरं, दिवाळीनंतर आलेलं. आमचे मालक आबासाहेब माणूस लय जपणुकीचा. खोकं उघडलं तेव्हा त्यांनी स्वतः हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोक्यातली जी जी लहान, पाकीटबंद वस्तू दिसली ती उचलून तिजोरीत ठेवली. "बारीक जिनसा गहाळ होतात," म्हणाले. चार दिवसांनी शहरातून इंजिनिअर आला, वायर जोडली, स्वतःच्या बॅगेतली फ्लॉपी घालून काहीतरी केलं, चहा पिला आणि पाचच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू. आकडे भरता भरता पडदा जागीच थिजायचा. बटणं दाबा, ठोका, हाका मारा, ढिम्म! मग बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि अर्ध्या तासाचं काम पाण्यात. दिवसातून सहा-सात वेळा. इंजिनिअर नंतर दोनदा आला, दोन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीत. दत्तराव आणि पंडित डबा खायला गेलेले, आणि त्याच्यासमोर मशीन शहाण्यासारखं चाललं. "ऑपरेटरची चूक," असं सांगून तो मोकळा झाला.

दत्तरावला तेवढंच हवं होतं. "सवलतीतून शिकलेल्यांच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं," तो पंडितला म्हणाला, मला नीट ऐकू जाईल असं. त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, आणि मी भीमनगरात राहणारी. माझं डोकं सणकलं.

"हो, सवलतीतून शिकले," मी म्हणाले. "परभणीच्या क्लासात पहिली आले. तुमी कुठल्या सवलतीतून आलात दत्तराव, मामाच्या?"

तो आबासाहेबांचा भाचा. पंडितला ठसका लागला.

पण बोलून काय होतं? आबासाहेबांनी मला बोलावून घेतलं. "सुमनबाई, शनिवारपर्यंत बघतो. न्हाई सुधारलं तर तुमी आवक-जावकच्या टेबलावर बसा. मशीनवर दुसरं माणूस बसवतो."

घरी जाताना मला रडू आलं. त्या खुर्चीसाठी मी दोन वर्षं माझ्या गावाहून, ताडकळसहून, एसटीनं परभणीला गेले होते, उभ्यानं. आता पत्रांवर शिक्के मारायचे? मरेन पण उठणार न्हाई, असं ठरवूनच झोपले.

शुक्रवारी गावात बंद. एसट्या न्हाईत, दुकानं न्हाईत. जिच्याकडे मी राहायचे ती कडूबाई मावशी दारात आडवी उभी.

"बाहेर काय चाललंय, आन तू कुठं निघालीस?"

"कामावर. उद्या शनिवार हाय, मावशे. तो काय बंद राहत न्हाई."

मागच्या बोळानं गेले. पहारेकरी सटवाजीनं फाटक किलकिलं करून आत घेतलं. दत्तराव आणि पंडित परभणीहून येणारे, ते काय येतात! मी दहाला बसले. अकरा वाजले, मशीन चालू. बारा वाजले, चालू. दोन वाजता मी हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघत बसले.

"बंद पडलं का बाई?" सटवाजी चहा घेऊन आला.

"न्हाई ना! तेच तर बघायलेय."

मी तीच, हात तेच, खुर्ची तीच. नव्हते फक्त ते दोघं. इंजिनिअर आला तेव्हाही ते डब्यावर होते. म्हणजे ते कामाला लागले, वायरीवर वर्दळ वाढली, की माझं मशीन गडबडत होतं. दोष असलाच तर वायर मशीनला मिळते तिथं.

सटवाजीकडून पेचकस घेतला आणि झाकण काढलं. वायर जिथं लागते ती हिरवी पट्टी म्हणजे नेटवर्क कार्ड. त्याच्यावरचं नाव वाचलं. मग दत्तरावचं मशीन उघडलं, तर त्यात भलतंच नाव! कार्ड चालवायला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. क्लासात सरांनी बजावलं होतं, ज्या कार्डाचा त्यालाच तो घालायचा. माझं मशीन चालू करून ड्रायव्हरच्या फाइलचं नाव बघितलं, तर माझ्या नव्या कार्डाला जुन्याचा ड्रायव्हर घातलेला. रस्ता मोकळा असला की कसंबसं चालायचं, गर्दी झाली की अडकायचं. मग नव्या कार्डासोबत खोक्यात येते ती फ्लॉपी कुठं गेली? मला ते हळदीकुंकू आठवलं आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

शनिवारी आबासाहेब माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी पडद्यावर यादी सरकत ठेवली, उठून उभी राहिले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"दत्तराव, पंडित, तुमी दोघं पूर्ण यादी मागवा. साहेब, घड्याळ बघा."

तीन मिनिटांत माझा पडदा थिजला.

"माझे हात कुठं हायत?"

"पाठीमागं," आबासाहेब म्हणाले.

"आता तिजोरी उघडा. दिवाळीनंतर ठेवलेली पाकिटं आणा."

दत्तराव हसला. आबासाहेब हसले न्हाईत, किल्ली घेऊन गेले. पाकिटावर कुंकवाची बोटं तशीच होती. मी सगळ्यांसमोर ते फाडलं, फ्लॉपी घातली, फाइल बदलली, मशीन पुन्हा सुरू केलं.

"मागवा यादी. दोघंही. हव्या तेवढ्या वेळा."

पाच मिनिटं गेली. अर्धा तास गेला. दत्तराव बटणं दाबून दमला, माझं मशीन एकदाही थिजलं न्हाई.

"म्हणजे इंजिनिअरचीच चूक," तो म्हणाला.

"त्यानं विचारायला पाहिजे होतं, खरं हाय," मी म्हणाले. "पण फ्लॉपी तिजोरीत कुणी ठेवली?"

सटवाजी दारात कप घेऊन तसाच उभा. आबासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी ठेवली," ते म्हणाले. "चूक माझी हाय. बाईची न्हाई."

सवयीनं त्यांचा हात फ्लॉपीकडे गेला. मी ती आधीच माझ्या खणात टाकली होती.

"इथंच राहू द्या साहेब. कुलूप नको. ज्याला लागंल त्याला सापडली पाहिजे."

त्यांनी मान हलवली, माझी खुर्ची स्वतः पुढं ओढली.

"बसा, सुमनबाई. लय काम राहिलंय."

मी बसले.