डाल्टनचे डुलणारे बूट

दोन हजार दहा साल. ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठच्या वॅरिंगा गावातल्या बोल्स क्लबात त्या शुक्रवारी उभे राहायला जागा नव्हती. हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा हा खेळ, आणि सपाट तळाच्या बुटांशिवाय हिरवळीवर उतरायचे नाही हा क्लबाचा साठ वर्षांचा नियम. एकदा राज्याचे मंत्री आले होते, त्यांनाही नुसत्या मोज्यांवर उतरवले होते. तो नियम कमिटीने बूट विकायला आलेल्या डाल्टन प्राइससाठी गुंडाळून ठेवला होता.

डाल्टनचे बूट होडीसारखे, तळाला जाड आणि गोल. घालून उभे राहिले की माणूस डुलायचा.

"सपाट बूट म्हणजे पायांचा तुरुंग!" तो ओरडत होता. "माणूस वाळूवर चालायला जन्मलाय! या बुटात नुसतं दुकानापर्यंत जा, मांड्या आवळल्या, कंबर सुटली, खुबा मोकळा! या नोरीनबाई, घाबरू नका, मी काय खातोय तुम्हाला?"

नोरीन जुन्या बुटांत उभी राहिली, एक हात बाजूला ताणून. डाल्टनने मनगटावर दोन बोटे दाबली आणि ती कोलमडली. मग नवे बूट घातले. त्याने फार जोर लावल्यासारखे तोंड वेडेवाकडे करत पुन्हा दाबले. नोरीन खांबासारखी उभी! टाळ्यांचा कडकडाट झाला.

सत्तरीची ग्लेनिस मागे उभी राहून दात आवळत होती. चौतीस वर्षे ती गावच्या शाळेत व्यायामाची शिक्षिका होती. इथल्या निम्म्या बायकांना तोल सांभाळायला तिनेच शिकवले होते. टाळ्या पिटणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होती तिची थोरली बहीण, मर्ल.

मर्लच्या खुब्याचे हाड हाडावर घासत होते. सरकारी इस्पितळातल्या शस्त्रक्रियेसाठी तिने चौदा महिने वाट पाहिली होती. तारीख मंगळवारची मिळाली होती आणि आज चार वाजेपर्यंत होकार कळवायचा होता. पण तीन आठवड्यांपूर्वी डाल्टन पहिल्यांदा आला, बूट आले, काठी कोपऱ्यात गेली.

"फोन कर, मर्ल. ही तारीख गेली की पुन्हा यादीच्या शेपटाला."

"जाऊ दे गेली तर. डाल्टन म्हणतो, सुरी लावायची गरजच नाही. माझ्यावर पण दाबून बघितलं त्यानं, तसूभर हलले नाही मी!"

"तू हलली नाहीस, कारण त्यानं तुला हलवलं नाही."

"लहानपणापासून तुला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही, ग्लेनिस."

ते वर्मी लागले. ग्लेनिसला एकावन्न साल आठवले. दारावर आलेल्या अशाच एका गोडबोल्याने आईला पोटदुखीवर चुंबकाचा पट्टा विकला होता. आईने तो वर्षभर बांधला. डॉक्टरकडे नेले तेव्हा उशीर झाला होता; डॉक्टरने मुलींकडे न बघता टोपी काढून हातात घेतली होती.

ती गर्दीतून पुढे घुसली. टेबलावरचा खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक उचलला.

"नोरीन, जुने बूट घाल आणि उभी राहा."

तिने मनगटावर दोन बोटे दाबली. नोरीन कलंडली.

"आता दुसऱ्या हातात हा केक धर." पुन्हा दाबले. नोरीन हलली नाही. "बघा! चमत्कारी लॅमिंग्टन! कंबर सुटते, खुबा मोकळा होतो!"

सगळे खदखदून हसले. डाल्टनही हसला, पण उशिरा.

"आता पाय बघू नका, माझा हात बघा," ग्लेनिस म्हणाली. "पडायला हवी तेव्हा मी मनगट खाली दाबता दाबता जरासं बाहेर ओढते. उभी राहायला हवी तेव्हा तितकंच दाबते, पण तिच्या पावलांकडे. शिवाय दुसऱ्या वेळी तिला माहीत असतं धक्का येणार, ती आधीच अंग ताठ करते. एवढंच! शाळेत पोरं एकमेकांना असंच पाडायची."

"हे विज्ञान आहे बाई, अमेरिकेत सिद्ध झालंय!"

"मग सोपं आहे. पाच बायका, काहींना तुझे बूट, काहींना जुने; सगळ्यांच्या पायांवर कचऱ्याच्या पिशव्या बांधते. तू दाबेपर्यंत त्यांचं डुलणं दिसू नये म्हणून खुर्च्या टेकायला देते. कुणाच्या पायात काय ते तुला कळणार नाही. दाब आणि ओळख."

डाल्टनने घड्याळ पाहिले. "हे आमच्या कंपनीच्या नियमात बसत नाही."

"आमच्या नियमात तू तरी कुठं बसत होतास?" हिरवळ राखणारा कॉल म्हणाला. गवतावर उमटलेले खळगे तो सकाळपासून मुकाट्याने बुजवत होता.

मर्ल मात्र हसली नव्हती. ती ते बूट घालून बहिणीसमोर येऊन उभी राहिली.

"मला पाड."

"मर्ल, राहू दे."

"खरं बोलतेस ना? मग पाड."

ग्लेनिसने दोन बोटे ठेवली. मर्ल सरळ तिच्या मिठीत कोसळली आणि वेदनेने किंचाळली.

"केव्हापासून दुखतंय इतकं?"

"पहिल्या दिवसापासून, मूर्खे! तो म्हणाला, दुखणं म्हणजे स्नायू जागे होतायत." तिने डोळे पुसले. चार वाजायला वीस मिनिटे होती. "फोन दे इकडे."

मर्लच्या खुब्यात मंगळवारी नवा सांधा बसला. पुढे सात वर्षे ती खेळली आणि ग्लेनिसला कधी धन्यवाद म्हणाली नाही. नोरीनने आधीच दिलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ते बूट घालणे चालूच ठेवले. बसच्या पायरीवरून पडून तिचे मनगट मोडले. कॉलची हिरवळ पूर्ववत व्हायला दोन उन्हाळे लागले. डाल्टन नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत तांब्याची तार विणलेले 'औषधी' मोजे विकू लागला; त्याला कुणी जाब विचारला नाही. आणि दोनच वर्षांत दुसरा एक जण कागदासारख्या पातळ तळाचे, पाच बोटांचे बूट घेऊन त्याच क्लबात आला. आधी तळ जाड म्हणून चमत्कार, आता पातळ म्हणून! ग्लेनिस ऐंशीची होऊन गेली, तरी तिचा संताप उतरला नाही. उतरू नयेच.

बूट हवे तसे घाला, पायांना सोसतील ते. पण कुणी तुमच्या दुखण्यालाच बरे होण्याची खूण म्हणू लागला, तर टाळ्या थांबवा आणि विचारा: कुणाच्या पायात काय ते न बघता हेच करून दाखवशील का? ज्याच्याकडे उत्तर आहे, तो घड्याळ बघत नाही.