विश्वेशसाठी लिहिलेलं नाटक

अध्यक्षमहाराज, माझं नाटक तुम्ही घाबरून बंद पाडलंत. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात एक प्रयोग झाला, दुसरा आज संध्याकाळी व्हायचा होता, आणि सकाळी तुमचा निरोप: "कला आत्म्याच्या आनंदातून उमलते. तुमचं नाटक द्वेषातून आलंय."

द्वेषातूनच आलंय! नाही कोण म्हणतंय? पण तो द्वेष माझ्या चुलतभावावरचा, विश्वेशवरचा. तुमचा त्यात काय संबंध?

काशीतल्या आपल्या सबंध दूधविनायक मोहल्ल्याला माहीत आहे, मी काहीही वाचून दाखवलं की विश्वेश पान चघळत म्हणतो, "हे आमच्या आजोबांनी आधीच लिहून ठेवलंय." अरे, आजोबा माझेही होते! त्यांनी जन्मभर संकठा घाटावर लोकांच्या कुंडल्या मांडल्या, त्यापलीकडे एक ओळ लिहिली नाही. विश्वेशनं एकदा जरी "वाह गुरू" म्हटलं असतं, तर मी सुखानं साड्या विकत बसलो असतो. आत्मा, आनंद वगैरे गिऱ्हाइकं माझ्या दुकानात येत नाहीत.

म्हणून मी नाटकात एक भाऊसाहेब आणला. शिंदे घाटावर उभा राहून तो यात्रेकरूंना सांगतो, "गंगा आमच्या आजोबांनी आणली. भगीरथ मागाहून आला, नक्कल करून गेला." विश्वेश शरमेनं उठून जाईल, एवढ्या एका आशेवर मी लिहिलं. तर हा पठ्ठ्या पहिल्या रांगेत मांड्या थोपटत हसतोय! पडदा पडल्यावर मला मिठी मारून सगळ्यांदेखत ओरडला, "वाह गुरू! अध्यक्षांना काय हुबेहूब पकडलंस!"

तुम्ही मागेच उभे होतात. मोदक तोंडात तसाच राहिला.

घरी माझी बायको संपदा हसून हसून लोळली. "अहो, नेम धरला एकावर, लागला भलत्यालाच. आता तरी लिहिणं सोडा. भाऊजींनी वाह म्हटलं ना?"

खरंच सोडणार होतो. राग निघून गेला, एक वाक्य सुचेना. मग तुमचा निरोप आला आणि दुपारपर्यंत नव्या नाटकाचा अख्खा अंक झाला.

आता सांगा. तुम्ही बंद पाडलेल्या नाटकात तुमचं नाव नाही, गाव नाही, तुमचा चष्मासुद्धा नाही. लिहिताना तुम्ही माझ्या स्वप्नातही नव्हतात. मग त्या भाऊसाहेबात तुम्हाला तुमचं काय दिसलं? मंडपात नट तोंडाला रंग लावून बसलेत. उत्तर द्या.