दहा हजार शेअर्सची मालकीण

माझ्या भावाला, मुसाएदला, लोक मानानं बू जर्राह म्हणतात. म्हणजे जर्राहचा बाप. मी सबीका, त्याची थोरली बहीण. मी त्याला हल्ली गाढव म्हणते, आणि तेसुद्धा गाढवाची माफी मागून.

गेल्या ऑक्टोबरात त्याच्या डोक्यात खूळ शिरलं की मुलांना गुंतवणूक शिकवायची. आमच्या घराच्या दर्शनी बाजूला त्याची दिवाणिया आहे. रोज संध्याकाळी पुरुषमंडळी तिथं तक्क्यांना टेकून चहा ढोसतात आणि शेअरबाजाराच्या गप्पा हाणतात. गुरुवारी दुपारी, ती यायच्या आधी, तिथं मुलांचा वर्ग भरायला लागला. मित्रांची पोरं आली, त्याचा जुना दोस्त बू नासर, त्याची जुळी आली, आणि आमची तीबा, मुसाएदची अकरा वर्षांची लेक, अगदी पुढं जाऊन बसली.

तीबाकडे ईदी साठलेली होती. आमचा गोतावळा मोठा, ईदेला सगळे काका-मामा कोऱ्या नोटा वाटतात. बाकीची पोरं आठवड्यात उडवून मोकळी होतात. हिनं कधी एक दिनार मोडला नाही. हिला दुर्बीण हवी होती, तारे बघायची, तीन पायांवर उभी राहणारी. थंडीत आम्ही वाळवंटात तंबू ठोकतो तेव्हा सगळी पोरं वाळूत गाड्या पिटाळतात आणि ही तंबूमागं उताणी पडून आभाळ बघत असते. दुकानात जाऊन तिनं दुर्बीण पसंतसुद्धा करून ठेवली होती. चारशे दिनार. तेवढे पैसे जमले, आणि नेमका तेव्हाच बापाला शिक्षणाचा पुळका आला.

"दुर्बीण घेतलीस की पैसे संपले," तो तिला म्हणाला. "शेअर घे. तंबू ठोकेपर्यंत दोन दुर्बिणी येतील."

आणि शेअर कुठला? तर समुद्रकिनारी हॉटेलं बांधणार म्हणून सांगत फिरणारी एक कंपनी. त्या हॉटेलाची वीटसुद्धा आजवर कुणी बघितलेली नाही. भाव चाळीस फिल्स. दिनारात हजार फिल्स असतात, म्हणजे काय लायकीचा माल असेल बघा.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलंय. मला कुठलं राहवतंय! दारातूनच ओरडले, "अरे, स्वस्त आहे म्हणून चांगलं असतं का? सडकी मासळीपण स्वस्तच मिळते!"

पोरं खिदळली. मुसाएदही हसला. "आत्याकडे लक्ष देऊ नका. बँकेचे शेअर घ्यायला गेलात तर मूठभर मिळतील. तीबा, चारशे दिनारात हे किती मिळतील?"

"दहा हजार!"

झालं. आमच्याकडे भल्याभल्या मिशाळांची मती इथंच गुंग होते. भाव फिल्समध्ये असला आणि आकडा हजारांत गेला की वाटतं आपण अर्धं शहर विकत घेतलं. ती तर बिचारी पोर. 'मी दहा हजार शेअर्सची मालकीण' म्हणत ती त्या दिवशी घरभर नाचली. स्वयंपाकघरात येऊन मला मिठी मारून गेली. मी काय बोलणार?

अल्पवयीन मुलांची खाती बापच चालवतो. रविवारी बाजार उघडला आणि मुसाएदनं खरेदी लावली. मी चहा घेऊन दिवाणियात गेले तर तो दलालाशी फोनवर बोलत होता, स्पीकर लावून. बहीण आत आलीये याचंही त्याला भान नव्हतं.

"माझे शेअर निघाले का?" हा विचारतोय.

"निघाले, बू जर्राह, सगळे निघाले! इतके दिवस कुत्रं विचारत नव्हतं. आज त्या मुलांच्या नावच्या खरेद्या आल्या, त्यांच्यातच खपले. तीबाच्या खात्यात तर सरळ तुमचेच गेले."

"अल्हम्दुलिल्लाह," हा म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ट्रे असा आदळला की पेले उलटे झाले. "अल्लाहचं नाव घेऊ नकोस यात! स्वतःच्या पोरीच्या गळ्यात मारलास तो कचरा?"

"अगं हळू! घरातले पैसे घरातच राहिले ना? या खिशातले त्या खिशात."

"तो खिसा तुझा नाही, मुसाएद. तिचा आहे."

"बाप आहे मी तिचा. उद्या माझं सगळं तिचंच नाही का? आणि भाव वर जाणार आहे, बघशील तू."

"जाणार आहे तर तू कशाला विकलेस?"

 मग गयावया. "वल्ला, शपथेवर सांगतो, गुरुवारपर्यंत तिचे पैसे परत ठेवतो. तिला काही सांगू नकोस."

"आणि बाकीची पोरं?"

"त्यांना बाप आहेत."

"तीबालाही आहे. तीच तर भीती आहे," मी म्हटलं.

गुरुवार उजाडला. शेअर बावीस फिल्सवर आलेला, आणि पैसे काही परत आलेले नाहीत. वर हा पोरांपुढं बसून काय सांगतोय, तर धीर धरा! खरा गुंतवणूकदार घाबरत नाही! मी दारात उभी, जर्राह माझ्या कमरेला चिकटलेला. पाच वर्षांचा आहे, बाप बोलायला लागला की त्याला झोप येते.

तीबानं हात वर केला. "बाबा, माझे पैसे निम्म्यावर आले. दुकानातल्या काकांना मी या आठवड्यात येते म्हणून सांगितलंय. उरलेले कुणाकडे गेले?"

"कुणाकडे नाही गं. बाजारात असं होतं. हवेत जातात."

"हवेत?" मी आत शिरलेच. "निर्लज्जा, हवेत? सांग पोरांना. तुम्ही घेतले तेव्हा विकले कुणी, ते सांग. मी सांगू? यानं विकले! याचा माल कुणी घेईना म्हणून यानं तुमचा वर्ग भरवला!"

 तेवढ्यात जुळ्यांना न्यायला आलेला बू नासर दारात येऊन थबकला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा मुसाएदची गचांडी धरणार. धरू दे, चांगली धरू दे.

"तुझे निघाले?" बू नासर म्हणाला. "सगळे?"

मुसाएदनं हळूच मान डोलावली.

"अरे मग मला नाही का सांगायचं? इतक्या वर्षांची दोस्ती, आणि माझे पडलेत अजून तसेच!"

त्याची जुळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. असं वाटलं, या दोन्ही बापांच्या डोक्यावरच्या रुमालाला आवळलेले काळे गोफ ओढून काढावेत आणि त्यांनीच दोघांना बडवून काढावं. लाज नावाची चीज कुठं विकून खाल्लीत रे तुम्ही?

मी तीबाकडे गेले. मला वाटलं रडत असेल. म्हटलं, जवळ घ्यावं, दुर्बीण मी घेऊन देते म्हणावं. पण ती रडत नव्हती. मांडी घालून शांत बसली होती, वर्गात अवघड गणित सुटलेल्या मुली बसतात तशी.

"म्हणजे आत्या, ज्याला माहीत नाही त्याला विकायचं," ती म्हणाली.

"तीबा..."

"जर्राहचे ईदचे पैसे डब्यात तसेच आहेत. माझे त्याला विकते. त्याला मोजतासुद्धा येत नाही."

जर्राहनं आपलं नाव ऐकून डोळे उघडले आणि बहिणीकडे बघून हसला. मी मुसाएदकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी नाही म्हण, आता तरी बाप हो. तो मान खाली घालून फोनवर भाव बघत होता.